शिकागोला स्पॅनिश वस्तीत शिकवायला येणार असशील तर

तुझा निरोप नीट वाचला. तू वसईची, चोविशीची, शाळेत शिकवतेस, धर्मग्रामात (आपल्या चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिक समाजात) युवक गटाचं काम बघतेस. एका मिशनरी धर्मसंघाने तुला प्रापंचिक मिशनरी (म्हणजे सिस्टर न होता काम करणारी) म्हणून दोन वर्षांसाठी शिकागोला बोलावलंय. काम म्हणजे मेक्सिको, ग्वाटेमाला, व्हेनेझुएला अशा देशांतून आलेल्या माणसांना इंग्रजी शिकवायचं आणि त्यांच्या मुलांचं धर्मशिक्षण घ्यायचं. तू विचारलंस की दिवस कसा जातो, स्पॅनिश किती लागतं, ही माणसं आपल्याला जवळ करतात का, पैशाचं काय, आणि विनाकागद स्थलांतरितांच्या सध्याच्या धरपकडीच्या बातम्या बघता यावं की नाही. मीही वसईहून अशाच कामाला आले आणि अजून त्याच कामात आहे, त्यामुळे सविस्तर लिहिते. सोयीने वाच, आईलाही वाचून दाखव.

सगळ्यात आधी एक सांगते, कारण बाकीचं त्यावर उभं आहे. इथलं मिशनरीचं मुख्य काम म्हणजे वर्ग बंद पडू न देणं. ऐकायला साधं वाटेल. पण ज्यांना तू शिकवणार, त्यांचं सगळंच हलतं असतं. काम सुटतं, खोली बदलते, कोर्टाची तारीख येते, गावाकडे आई आजारी पडते आणि जाता येत नाही. माणूस दोन महिने दिसत नाही आणि एका मंगळवारी परत येऊन दारात उभा राहतो. त्या वेळी तळघरातला दिवा लागलेला हवा, फळ्यापाशी तू हवीस आणि त्याची वही कपाटात असायला हवी. 'इतके दिवस कुठे होतात?' असं विचारायचं नाही. 'या, बसा' म्हणायचं. हे जिला जमेल तिने यावं. धर्माची मोठमोठी भाषणं द्यायची हौस असेल तर ती इथे भागणार नाही. या लोकांची श्रद्धा आपल्याहून तसूभरही कमी नाही आणि वाळवंट पायी तुडवून आलेल्या बाईला देवावर भरवसा कसा ठेवायचा, हे आपण शिकवण्यासारखं नसतं.

आता वस्तीबद्दल. तुला बहुधा पिल्सन किंवा लिटल व्हिलेज भागात ठेवतील. पिल्सन हे नाव चेक लोकांनी दिलेलं, ते इथे आधी आले. इथल्या जुन्या चर्चच्या काचांवर, दगडांवर अजून चेक आणि पोलिश नावं दिसतात आणि खाली मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, स्पॅनिशमध्ये चाललेली असते. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला शेजारच्या भागात विद्यापीठाचा परिसर उभारला, तेव्हा तिथली मेक्सिकन कुटुंबं उठली आणि पिल्सनला आली. लिटल व्हिलेज त्याच्या पश्चिमेला आहे. 26व्या रस्त्यावर मोठी कमान आहे, स्पॅनिशमध्ये स्वागत करणारी, आणि पुढे मैलभर दुकानंच दुकानं. बॅप्टिझमचे आणि पंधराव्या वाढदिवसाचे झगे, पाव-बिस्किटांच्या बेकऱ्या, पैसे गावी पाठवायची दुकानं. कोपऱ्यावर गाडीवर कणीस मिळतं, तिखट-लिंबू लावलेलं, आपल्या अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मिळतं तसं. पिल्सनमध्ये भाडी फार वाढली, त्यामुळे बरीच कुटुंबं सिसरो, बर्विन या पश्चिमेच्या उपनगरांत गेली. रविवारी मात्र तीच कुटुंबं गाडी काढून जुन्या चर्चला येतात.

दिवस असा जातो. सकाळी संघाच्या घरात एकत्र प्रार्थना, मग चर्चमध्ये मिस्सा. नऊ वाजता पहिला वर्ग भरतो, तो आयांचा. मुलांना शाळेत सोडून त्या थेट येतात, शाळेत न जाणारी लहान मुलं शेजारच्या खोलीत कोणीतरी सांभाळतं. (ही सोय नसेल तर सकाळचा वर्ग भरतच नाही. तुझ्या धर्मग्रामात ती आहे का, हे आत्ताच विचारून घे.) या बायकांना व्याकरण नको असतं, त्यांना कामाला येणारं वाक्य हवं असतं. दवाखान्यात फोन करून मुलाला ताप आहे हे सांगायचं. शाळेतून आलेल्या चिठ्ठीत काय लिहिलंय ते वाचायचं. विजेच्या बिलावरची तारीख ओळखायची. 'थर्टीन' आणि 'थर्टी' यांतला फरक फोनवर ऐकू यायला हवा, नाहीतर बाई चुकीच्या तारखेला लेकराला घेऊन दवाखान्यात जाऊन बसते. मी या दोन आकड्यांवर एक अख्खी सकाळ घालवते, आणि कुठलीही सकाळ इतकी कारणी लागत नाही.

एक प्रसंग सांगते म्हणजे तुला अंदाज येईल. माझ्या वर्गात एक बाई होती, रात्री कचेऱ्या झाडण्या-पुसण्याचं काम करायची. आठवड्याचा चेक यायचा त्यात नेहमी काही तास कमी भरलेले असायचे. ती तो चेक आणि स्वतःच्या वहीत लिहून ठेवलेले तास घेऊन आली आणि म्हणाली, मुकादमाला सांगायला एक वाक्य द्या. मी फळ्यावर लिहिलं: माय अवर्स आर राँग. सगळ्या वर्गाने ते म्हटलं, आधी हळू, मग जोरात. मग एकीने मुकादम व्हायचं, दुसरीने वही पुढे करायची, मान खाली न घालता बोलायचं. हसत-खिदळत सगळ्या जणींनी सराव केला, कारण ही अडचण एकटीची नव्हती. पुढच्या वर्गाला ती म्हणाली, 'बघतो' म्हणाला. मग त्या दिवशी आम्ही दुसरं वाक्य शिकलो: बाय व्हॉट डे? कोणत्या दिवसापर्यंत? माझं धर्मशिक्षणाचं काम आणि हे काम वेगळं आहे असं मला कधी वाटलं नाही. मजुराची मजुरी अडवू नये हे बायबलात किती ठिकाणी लिहिलंय ते तुला माहीतच आहे.

दुपारी गृहभेटी, आजाऱ्यांकडे कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) नेणं, अन्नवाटपाच्या दिवशी पिशव्या भरणं, आणि फोटोकॉपी. फोटोकॉपीचं काम कधी संपत नाही. संध्याकाळी साडेसहाला दुसरा वर्ग. तो पुरुषांचा जास्त: हॉटेलात भांडी घासणारे, छपरं घालणारे, कारखान्यात तोर्तिया पॅक करणारे. काही जण कामाच्या बुटांनिशी येतात. बाकावर बसल्या बसल्या एखाद्याचा डोळा लागतो. लागू दे. कॉफी आणि गोड पाव ठेवायचा, आणि पहिली पंधरा मिनिटं बोलण्याची ठेवायची. लिहायचं काम नंतर, कारण दिवसभर हातोडा धरलेल्या हाताला लगेच पेन्सिल धरवत नाही.

एक गोष्ट येण्याआधीच मनात पक्की कर. 'स्पॅनिश बोलणारे' म्हणून समोर बसलेल्या सगळ्यांची मातृभाषा स्पॅनिश असेलच असं नाही. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातून आलेल्यांची भाषा माम असते, किचे असते, कांहोबाल असते. या माया भाषा आहेत आणि स्पॅनिश त्यांनी दुसरी भाषा म्हणून शिकलेली असते. त्यातल्या कित्येकांनी शाळा पाहिलेलीच नसते. एखादा माणूस गप्प बसतो, फळ्यावरचं उतरवून घेत नाही, तेव्हा तो आळशी आहे असं समजू नकोस. त्याला अक्षरओळख नसेल आणि सगळ्यांसमोर सांगायची लाज वाटत असेल. माझ्या वर्गात अशांसाठी अर्धा तास आधी वेगळं टेबल असतं. स्वतःचं नाव लिहिता येणं, बसची पाटी वाचता येणं, तिथून सुरुवात. तू शाळेत पहिली-दुसरीला शिकवलं असशील तर तो अनुभव इथे सोन्यासारखा उपयोगी पडेल. फक्त चित्रं मोठ्या माणसांना शोभतील अशी घे, ससा आणि फुगा नको.

हजेरीपटाचंही सांगते. यांच्या नावात दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. अमेरिकेतल्या फॉर्मवर 'शेवटचं नाव' विचारतात, मग कुणी आईचं लिहितं, कुणी दोन्ही जोडून लिहितं, आणि एकाच माणसाची तीन कागदांवर तीन नावं होतात. हे पुढे फार महागात पडतं. म्हणून पहिल्या दिवशी ओळखपत्रावर जसं आहे तसंच नाव लिहायला शिकव, अगदी अक्षर न् अक्षर.

ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे त्यांच्यासाठी नागरिकत्वाचा वर्ग असतो. हा वर्ग मला स्वतःला सर्वांत आवडतो. ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं झाली की अर्ज करता येतो, नवरा किंवा बायको अमेरिकन नागरिक असेल आणि दोघं एकत्र राहत असतील तर तीन वर्षांनी. मुलाखतीत इंग्रजी वाचन-लेखन असतं आणि इतिहास-राज्यकारभारावर तोंडी प्रश्न असतात. पूर्वी 100 प्रश्नांची यादी होती, त्यातले 10 विचारायचे आणि 6 बरोबर आले की पास. 20 ऑक्टोबर 2025 पासून अर्ज करणाऱ्यांसाठी यादी 128 प्रश्नांची झाली, 20पर्यंत विचारतात आणि 12 बरोबर यावे लागतात. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या आणि ग्रीन कार्डावर 20 वर्षं काढलेल्या माणसाला इंग्रजीची परीक्षा माफ असते, तो प्रश्नांची उत्तरं स्वतःच्या भाषेत देऊ शकतो. 55 वर्षं आणि 15 वर्षं असाही एक हिशेब आहे. हे नियम पाठ कर. एखादी आजी इंग्रजीच्या धास्तीने वर्षानुवर्षं अर्जच करत नाही, आणि तिला इंग्रजीची गरजच नसते.

पण इथेच एक लक्ष्मणरेषा आहे. प्रश्न पाठ करून घे, मुलाखतीचा सराव घे, सोबत जा. अर्ज मात्र भरून देऊ नकोस आणि 'तुम्ही हा अर्ज करा, तो करू नका' असा सल्लाही देऊ नकोस. इमिग्रेशनचा कायदेशीर सल्ला देण्याची परवानगी फक्त वकिलांना आणि न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधींना आहे. वस्तीत 'नोतारियो' अशी पाटी लावून बसलेले लोक असतात, ते हजारो डॉलर घेतात, चुकीचा अर्ज टाकतात आणि अख्खं कुटुंब गोत्यात येतं. तुझ्याकडे लोक प्रेमाने कागद घेऊन येतील, नाही म्हणताना जीव तुटेल. तरी धर्मप्रांताच्या सेवा-संस्थेत मान्यताप्राप्त माणसाची वेळ घेऊन दे आणि तिथवर पोचव. तेवढंच तुझं काम.

आता स्पॅनिश. येण्याआधी वर्षभर रोज अर्धा-पाऊण तास दिलास तर इथे उतरल्यावर बुडणार नाहीस. मराठी माणसाला स्पॅनिश जड जात नाही, याची कारणं आहेत. त्यांचे त आणि द आपल्यासारखेच दाताला जीभ लावून म्हणायचे, त्यांचा र आपल्याला येतो, 'न्य' आपल्याला येतो. व्याकरणातही ओळखीचं बरंच निघतं. 'मला आंबा आवडतो' हे ते 'मे गुस्ता एल मांगो' असं म्हणतात, म्हणजे आवडणारी वस्तू कर्ता आणि मी 'मला'. इंग्रजीतून शिकणारा इथे अडखळतो, तू मराठीतून विचार केलास की पटकन बसेल. अडेल ते भूतकाळाच्या दोन रूपांपाशी आणि त्यांच्या इच्छा-शंकेच्या क्रियारूपांपाशी. त्याला वेळ लागतो, लागू दे. मोठ्यांना 'उस्तेद' म्हणायचं, आपल्या 'तुम्ही'च्या जागी, आणि वयस्क बाईच्या नावाआधी 'डोन्या' लावायचं. ते तुला 'माएस्त्रा' म्हणतील, म्हणजे बाई. संघाला विचार की आल्यावर भाषाशिक्षणासाठी पाठवणार का. सॅन अँटोनिओत 1972 साली सुरू झालेली मेक्सिकन अमेरिकन कॅथलिक कॉलेज नावाची संस्था याच कामासाठी माणसं तयार करत आली आहे, कोणी कोणी बोलिव्हियात कोचाबांबाला भाषा शिकायला जातात. पहिले तीन महिने निव्वळ भाषेला देणारा संघ शहाणा समजायचा.

माणसं जवळ करतात का, हा तुझा प्रश्न. करतात. दिसण्यात आपण त्यांच्यात मिसळून जातो, बसमध्ये बायका तुझ्याशी सरळ स्पॅनिशमध्ये बोलायला लागतील. भारतातून आलीस म्हटल्यावर पुढचा प्रश्न हमखास येतो: भारतात कॅथलिक आहेत? तेव्हा त्यांना संत गोन्सालो गार्सियाची गोष्ट सांग. तू लहानपणापासून ऐकलेलीच आहे. वसईत जन्मलेला, जपानमध्ये व्यापार केलेला, जपानी भाषा येणारा हा माणूस फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि स्पॅनिश मिशनऱ्यांचा दुभाषी म्हणून जपानला परत गेला. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला 26 जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत तो होता. आता त्यांना विचार की त्याच टेकडीवर त्याच दिवशी तुमचं कोण होतं. मेक्सिको सिटीत जन्मलेला फेलिपे दे हेसूस, मेक्सिकोचा पहिला संत. तो मनिलाहून गुरुदीक्षा घ्यायला मायदेशी निघाला होता, वादळाने जहाज जपानच्या किनाऱ्याला लावलं. दोघांनाही 1862 साली एकत्रच संतपद मिळालं.

मी हे पहिल्यांदा आयांच्या वर्गात सांगितलं, तेव्हा एका म्हाताऱ्या डोन्याने लगेच तिच्या आजीकडून ऐकलेली कथा सुरू केली. फेलिपे लहानपणी इतका व्रात्य की घरची दाई म्हणायची, हा संत होईल तेव्हा अंगणातलं वाळलेलं अंजिराचं झाड हिरवं होईल. आणि नागासाकीला तो मेला त्या दिवशी झाडाला पालवी फुटली. तिने ते अंजीर हाताने दाखवलं, असं वाकडं, असं सुकं, भिंतीला टेकलेलं. त्यानंतर त्या वर्गाला वसई परकी राहिली नाही. मेक्सिकोत कुएर्नावाकाच्या कॅथीड्रलच्या भिंतींवर या 26 हुतात्म्यांची जुनी चित्रं आहेत, त्या शहरातल्या कोणी वर्गात असलं तर विचार, डोळे चमकतात.

सण भरपूर आणि सगळे दमवणारे. 16 ते 24 डिसेंबर पोसादा असतात, मरिया आणि योसेफ मुक्कामाला जागा मागत घरोघर फिरतात, आत-बाहेर गाणी होतात, शेवटी दार उघडतं आणि जेवण होतं. त्याआधी 11 डिसेंबरच्या रात्री ग्वादालुपे मातेसाठी, म्हणजे मेक्सिकोच्या लाडक्या मरियामातेसाठी, अख्खी वस्ती जागते. शिकागोजवळ डेस प्लेन्स या उपनगरात ग्वादालुपेचं तीर्थस्थान आहे, तिथे त्या दोन दिवसांत लाखो लोक जातात, बर्फ असो नाहीतर पाऊस. कुणी चालत, कुणी सायकलने, खांद्यावर मातेची मूर्ती बांधून. तू नक्की चालत जा. एरवी ज्यांना तू शिकवतेस ते त्या रात्री तुला रस्ता दाखवतात.

गुड फ्रायडेला पिल्सनमध्ये क्रुसाची वाट 18व्या रस्त्यावरून निघते, वस्तीतली माणसंच येशू, मरिया, शिपाई होतात. ही प्रथा 1977 साली सुरू झाली आणि तिच्यामागे एक भयंकर घटना आहे. 1976च्या नाताळात पिल्सनमध्ये एका घराला आग लागली. आत मुलं अडकली आहेत असं शेजारी स्पॅनिशमध्ये ओरडून सांगत होते आणि आग विझवायला आलेल्यांना ते समजत नव्हतं. मुलं आणि त्यांच्या आया गेल्या. त्या दुःखातून लोकांनी क्रूस खांद्यावर घेऊन रस्त्यावर यायचं ठरवलं. इंग्रजीच्या वर्गाला येणारा कंटाळलेला, झोपाळलेला माणूस दिसला की मला ती आग आठवते आणि मी फळ्यावर आणीबाणीच्या फोनची वाक्यं पुन्हा लिहिते. दरवर्षी, प्रत्येक वर्गात, पहिल्याच आठवड्यात.

आता भीतीचं. आडपडदा ठेवत नाही. 2025च्या जानेवारीत सरकारने चर्च, शाळा, दवाखाने अशा ठिकाणी इमिग्रेशनची कारवाई टाळण्याचं जुनं धोरण रद्द केलं. त्याच वर्षी सप्टेंबरात शिकागोत मोठी धरपकड सुरू झाली. आमच्या वर्गातली माणसं एकदम कमी झाली. ज्या घरात आईबाप विनाकागद आणि मुलं इथे जन्मलेली नागरिक, तिथे मुलांना मिस्सेला शेजारणीबरोबर पाठवू लागले. पिल्सन आणि लिटल व्हिलेजमध्ये लोकांच्या गळ्यात शिट्ट्या आल्या. एजंट दिसले की शिट्टी वाजवायची, म्हणजे बाकीच्यांना कळतं. शाळा सुटायच्या वेळी शेजारीपाजारी कोपऱ्याकोपऱ्यावर उभे राहू लागले. आम्ही संध्याकाळचा वर्ग फोनवर घेतला. व्हिडिओ बंद, नुसता आवाज, मागे कुकरची शिट्टी, मुलांचं रडणं, आणि तरीही 'थर्टीन, थर्टी'. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या बिशपांनी एकत्र निवेदन काढून सरसकट हद्दपारीला विरोध केला. पोप लिओ मूळचे शिकागोचेच, आणि पेरूमध्ये त्यांनी स्वतः कित्येक वर्षं मिशनरी म्हणून काढली, स्पॅनिश त्यांची दुसरी भाषाच झाली आहे. त्यांचं या प्रश्नावरचं बोलणं इथे लोक कान देऊन ऐकतात. एवढ्याने भीती जात नाही, पण आपण एकटे नाही हे कळतं.

तू स्वतः व्हिसावर असशील, रंग आपला असा, राहणार अशा वस्तीत. कायद्याने अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगायचा असतो. कागद नेहमी जवळ ठेव, वकिलाचा नंबर कागदावर लिहून ठेव. कुणाच्या कागदांची स्थिती काय आहे हे कधीही विचारू नकोस, वहीत लिहू नकोस, फोनवर बोलू नकोस. वर्गाचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नकोस, घरी पाठवायलासुद्धा काढू नकोस. हे पाळणं जमणार नसेल तर येऊ नकोस, इतकं मी स्पष्ट सांगते. हे पाळून राहिलीस तर तुझ्या असण्याचा त्यांना आधार होईल.

मुलांच्या वर्गाचं थोडं. पहिल्या कम्युनियनची तयारी बहुतेक ठिकाणी दोन वर्षं चालते, शनिवारी. मुलं आपसात इंग्रजी बोलतात, आजीकडून प्रार्थना स्पॅनिशमध्ये शिकलेली असतात, म्हणून दोन्ही भाषा लागतात. त्याआधी बालसुरक्षेचं प्रशिक्षण आणि तुझी पार्श्वभूमी तपासणी होते, त्यासाठी वसईहून पोलिसांचा दाखला आणशील तर सोपं जाईल. बंद खोलीत एकट्या मुलाबरोबर कधीही थांबायचं नाही.

व्हिसा बहुधा आर-1 असेल, धार्मिक कामगारांचा. आधी संघाला अमेरिकेत अर्ज मंजूर करून घ्यावा लागतो, मग तुझी मुलाखत बीकेसीतल्या वकिलातीत. अर्जाच्या आधी किमान दोन वर्षं तू त्याच संप्रदायाची सदस्य असल्याचा पुरावा लागतो, म्हणजे बाप्तिस्म्याचा दाखला आणि फादरांचं पत्र. एका वेळी जास्तीत जास्त 30 महिने मिळतात, एकूण पाच वर्षं. दुसरी नोकरी करता येत नाही, शिकवण्या घेऊन पैसे कमावता येत नाहीत. ग्रीन कार्डाची आशा धरून येऊ नकोस. माझ्या वेळी रांग लहान होती. 2023 पासून धार्मिक कामगारांची रांग फार लांबली आहे आणि कित्येक फादर-सिस्टरांना पाच वर्षं झाली की काम अर्धवट टाकून परत जावं लागतंय. त्याच रांगेत मध्य अमेरिकेतून आलेली, आईबापांनी टाकलेली किंवा छळलेली मुलंही आहेत. म्हणजे ज्यांच्यासाठी आपण इथे आलो तेच आपल्याबरोबर ताटकळत उभे आहेत. याचा राग कुणावर काढणार?

पैसा म्हणजे राहणं-जेवण संघाचं आणि हाताला थोडा महिन्याचा खर्च. घरी पाठवण्याइतकं उरत नाही. तुझ्या पगारावर घर चालत असेल तर हा विचार सोडून दे, किंवा भाऊ कमावता होईपर्यंत थांब. त्यात देवाचा अपमान नाही.

थंडीला घाबरू नकोस, पण हलक्यातही घेऊ नकोस. 2019च्या जानेवारीत पारा उणे तीस सेल्सिअसपर्यंत गेला होता. कोट आणि बूट इथेच घे, वसईहून आणलेलं स्वेटर पुरत नाही. डिसेंबर-जानेवारीत दुपारी साडेचार-पाचला अंधार पडतो आणि मन खाली जातं, त्या महिन्यांत रोज दिवसाउजेडी बाहेर चाल. मसाला, तांदूळ, सुकं देवॉन अव्हेन्यूवर मिळतं, लांब आहे पण महिन्यातून एकदा जा. मराठी बोलायला माणूस शोधून ठेव. दिवसभर दोन परक्या भाषांत बोलल्यावर संध्याकाळी घरच्या बोलीत कुणाशी तरी भांडता आलं पाहिजे.

होकार कळवण्याआधी संघाला पत्र लिही आणि या गोष्टी विचार. आरोग्य विमा कोण काढणार आणि त्यात दात-डोळे येतात का. परतीचं तिकीट कोण देणार, मध्येच घरी कुणी आजारी पडलं तर काय. आठवड्यातला सुटीचा दिवस कोणता, तो खरोखर सुटीचा असतो का. भाषेसाठी किती महिने देणार. अडचण आली तर वरिष्ठांखेरीज कुणाकडे जायचं. धर्मग्रामाचा वकिलाशी संपर्क आहे का, आणि धाड पडली तर काय करायचं हे लिहून ठेवलंय का. तुझ्याआधी हे काम कोण करत होतं, ती का गेली, तिच्याशी बोलायला मिळेल का. उत्तरं लेखी माग. 'आल्यावर बघू' असं उत्तर आलं तर पुन्हा विचार. उत्तरं आली की मला पाठव, आपण दोघी बसून वाचू.